परदेशी दुर्बिणीला टिचकी

“छरेच खराब आलेत, वस्ताद. दुसरं काय असणार?”

इंद्रजित इंगवलेनं छऱ्यांचा डबा टेबलावर आपटला. परवा वारा वाईट होता. त्याआधी उन्हाची तिरीप. ह्या गड्याची स्वतःची वस्तू म्हणून कधी वाईट नसायचीच!

सुभेदार दस्तगीर मुलाणी फडक्यानं आपली बंदूक पुसत राहिले. पलटणीतून निवृत्त झाल्यावर कऱ्हाडजवळच्या एका बंद दगडखाणीत ते आम्हाला एअर रायफल शिकवायचे. आम्ही त्यांना वस्ताद म्हणायचो.

इंद्रजितच्या बंदुकीवर परदेशातून मागवलेली दुर्बीण होती. होती स्वस्तातलीच, पण गावभर मिरवून झाली होती. “तुझी दुर्बीण ठेव चहाच्या गाळणीशेजारी,” असं मला तोंडावर म्हणाला होता. मी काही विसरलेलो नाही.

तीन आठवडे त्याचा एक छरा निशाणाच्या काळ्या गोलात, तर दुसरा भलतीकडं. आणि आज दुपारी इथंच खाणीत जिल्हा संघाची निवड. वयाच्या गटातलं त्याचं हे शेवटचं वर्ष. आज हुकलं की संपलं.

शेवटी तो वस्तादांसमोर येऊन बसला.

“मग तुम्हीच सांगा ना... काय चुकतंय माझं?”

वस्ताद लगेच उठले. बंदूक टेबलावरच्या शिकंज्यात घट्ट आवळली.

“बघ दुर्बिणीतून. नेमाची फुली कुठंय?”

“काळ्याच्या मधोमध.”

वस्तादांनी चाप ओढला. “आता?”

बंदूक केसभरही हलली नव्हती. इंद्रजित डोळा लावून तसाच राहिला.

“...वर गेली. दोन बोटं.”

वस्तादांनी दुर्बिणीला नखानं टिचकी मारली. “आणि आता?”

“आली... जागेवर आली!”

पाच वेळा करून पाहिलं. धक्क्यानं फुली अडकायची, टिचकीनं सुटायची.

“तीन आठवडे झोप नाही मला! ठाऊक होतं, तर बोलला का नाहीत?”

“तू आज विचारलंस.”

“दुसरी दुर्बीण द्या मला.”

“हीच. दर छऱ्याआधी टिचकी मारायची.”

“सगळ्यांसमोर? हसतील की हो!”

“मग घरी जा.”

इंद्रजितनं बंदूक उचलली... घरी गेला मात्र नाही.

दुपारी निवडीत पहिली टिचकी वाजली आणि मीच ओरडलो, “दार उघडा रे, पाव्हणं आलंय!” सगळी पोरं फिदीफिदी हसली.

इंद्रजित लालबुंद झाला. मग काय झालं कोण जाणे, तो स्वतःच खो खो हसत सुटला.

“स्वस्तातली आहे बाबांनो! फटका खाल्ल्याशिवाय वळणावर येत नाही!”

त्यानंतर गडी थांबला नाही. टिचकी, छरा. टिचकी, छरा. वीसपैकी एकोणीस काळ्यात! पहिला नंबर, संघात जागा पक्की! मला आनंद आवरेना. सगळा राग विसरून मीच त्याला खांद्यावर घेतलं आणि खाणभर नाचवलं.

खाली उतरल्याबरोबर तो धावत जाऊन वस्तादांच्या पाया पडला.

“जिंकलो, वस्ताद! आता बघाच तुम्ही. जिच्यात मला एकसुद्धा खोट दिसणार नाही, अशी दुर्बीण घेतो!”

वस्तादांनी त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली.

“अशी होती की तुझ्याकडं... आज सकाळपर्यंत.”