हत्तीच्या कपाळाएवढी उंची

निवळगडाच्या राणीसाहेबांपुढे शेजारच्या बलाढ्य राज्याचा दूत मिशीला पीळ देत उभा राहिला.

"आमचे महाराज दसऱ्याला हत्तीवरून मैत्रीच्या भेटीला येताहेत. गडाच्या दरवाजावरचे ते अणकुचीदार खिळे तेवढे काढून टाका. नाही काढलेत, तर महाराज तो अपमान समजतील."

म्हातारे विसोबा दफ्तरदार एक पिवळं पडलेलं पत्र घेऊन पुढे आले.

"राणीसाहेब, साठ वर्षांपूर्वी यांच्या महाराजांच्या आजोबांनी असंच मैत्रीचं पत्र धाडलं होतं. तेव्हा दरवाजाला खिळे नव्हते. भेटीला आलेल्या हत्तीनं दरवाजा फोडला. गड परत घ्यायला आपल्याला अकरा महिने लागले."

दूत खो खो हसला. "जुनी रद्दी! असला इतिहास उगाळून राज्य चालतं होय?"

"राज्य राणीसाहेब चालवतात," विसोबा म्हणाले. "खिळे कुठे ठोकायचे, तेवढं ही रद्दी सांगते. आम्ही ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेत. महाराजांना म्हणावं, पायी या. पायी येणाऱ्या मित्राला खिळ्यांचा ओरखडाही उठत नाही."

दसऱ्याला राणीसाहेब ओवाळणीचं ताट घेऊन दरवाजात उभ्या राहिल्या. पायी कुणी आलं नाही. हत्तीवरून यायची तर कुणाची छातीच झाली नाही.