माग, राजा, माग

एका राज्यात, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, दिवस उगवून बरोबर चार घटका झाल्या असताना, लख्ख उन्हात पाऊस कोसळू लागला आणि ही गोष्ट सुरू झाली.

राजाचं नाव वज्रबाहू. त्या दिवशी त्याचा बेत काळविटाच्या शिकारीचा. हाकारे ढोल घेऊन उभे होते आणि बयजा पहाटेच माळावर फिरून आली होती. बयजा म्हणजे शिकारखान्यातली माग काढणारी. वाकलेलं गवत पाहून ती सांगे, इथून नर गेला की मादी, भुकेला गेला की भ्यालेला. तिच्या पाठीला झोळी, झोळीत दोन वर्षांची चिंगी. लेकीला घरी ठेवावं तर बयजाचा जीव घरी अडके, बरोबर न्यावं तर वारा लागेल म्हणून जीव खालीवर होई.

"कळप ओढ्यापलीकडे आहे, महाराज," बयजा सांगत होती, तोच शेजारच्या उंबराखालच्या झोपडीतून रानजोगीण बाहेर आली. राजाच्या माणसांनी तिच्या सारवलेल्या अंगणात तंबूच्या मेखा ठोकल्या होत्या.

"विचारायचं तरी होतं, बाबा," जोगीण म्हणाली.

"राजा विचारत नसतो. राजा घेतो."

"असं का? बरं तर."

तिनं तळहातावर फुंकर मारली. मेण्यात राजाचा सात वर्षांचा मुलगा अंबर बोरं खात बसला होता. त्याचं काळविटाचं पाडस झालं, मेण्यातून टुणकन उडी मारून ते गवतात शिरलं, आणि आभाळ फाटलं.

"परवाच्या दिवेलागणीपर्यंत त्याला माणसाची बोली कळेल," जोगीण म्हणाली. "मग ते रानाचंच. आणि पाऊसही मग कायमचाच." तिनं दार लावून घेतलं.

शिकारीचा पार चिखल झाला. ढोल भिजून ढिले पडले, धनुष्यांच्या दोऱ्या शेवयांसारख्या लोंबल्या. राजा डोक्याला हात लावून बसला. तेव्हा उंबरावरचा भारद्वाज लाल डोळा फिरवून बोलला, "राजा, उपाय एका शब्दाचा. माग."

"ऐकलंत?" राजा गरजला. "माग काढायला सांगतोय! बयजे, पाडसाचा माग आण!"

"एवढ्या पावसात माग कुठला, महाराज? इथे माझंच पाऊल मला दिसेना."

पण स्वस्थ बसवेना तिला. ओल्या अंगानं लेकरू कुठे कुडकुडत असेल, ह्या विचारानं तिनं चिंगीवर घोंगडीची खोळ ओढली आणि ती निघाली. खुरांचे ठसे वाहून गेले होते. मग तिनं ठसे पाहणं सोडलं आणि पोराची खोडी आठवली: बोरं खाऊन आठळ्या ओळीत मांडायची. बोरीच्या झाडाखाली पाहते तर चोखलेल्या आठळ्यांची सरळ ओळ मांडलेली! हरिण बोरं खाईल, पण आठळ्या अशा मांडून थोडीच ठेवील? तिथेच ओढ्याकाठी पाडस अंग चोरून उभं होतं.

बयजानं खूण केली, तसा राजा धावत आला. "इकडे ये!" त्यानं हुकूम सोडला. पाडस दचकलं आणि पसार झालं. पहिला दिवस असा गेला.

दुसऱ्या दिवशी प्रधान सुमतिराव चुटकी वाजवून म्हणाले, "महाराज, माग म्हणजे विणकराचा माग! मऊ वस्त्र विणू, पाडसावर टाकू, की झालं!"

विणकर आला, माग आला. वर चार माणसांनी छत्री धरली, खाली विणकर विणू लागला. तेवढ्यात पाडस मागून आलं, लोंबणारं टोक तोंडात धरून चघळू लागलं. राजा ओरडला, "पकडा!" पाडस एका बाजूला, छत्री दुसऱ्या बाजूला, आणि सुमतिराव चिखलात. चिखलातूनच ते म्हणाले, "विचार वाईट नव्हता."

तिसरा दिवस कलला. दिवेलागणीला थोडाच अवकाश उरला. राजानं पुढे पाडसासाठी बोरांचं ताट ठेवलं होतं. स्वतः काही खाल्लं नव्हतं. ढगांआड उजेड मंद होत चालला. तेवढ्यात चिंगीनं झोळीतून हात लांबवला आणि ताटातली मूठभर बोरं ओढली.

बयजा कावरीबावरी झाली. तिनं हातावर हलकी चापटी मारली. "चिंगे! ओरबाडायचं नाही, किती वेळा सांगितलं? माग! हात पुढे कर आणि माग!"

चिंगीनं हात पुढे केला. "द्या."

राजा थिजला. त्याला जन्मात कुणी 'माग' म्हटलं नव्हतं, म्हणून तो शब्द असाही असतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"माग म्हणजे... हे?" त्यानं विचारलं.

"म्हणजे काय, महाराज! आम्ही लेकरांना बोलायच्या आधी शिकवतो."

राजा पावसात जोगिणीच्या दाराशी गेला. तोंड उघडलं. "मुलगा आण!" वीज कडाडली.

"आण नव्हे, महाराज," बयजा मागून कुजबुजली.

"मुलगा घेऊन ये!" गारा पडल्या. सुमतिरावांनी डोक्यावर ताट धरलं.

"हात पुढे करा," बयजा म्हणाली.

राजानं हात पुढे केला. तो हात कधी कुणापुढे पसरला नव्हता. "आई," तो म्हणाला, "तुमच्या अंगणात न विचारता मेखा ठोकल्या, चुकलो. माझं लेकरू मला द्या. आणि पाऊस थांबेपर्यंत इथे बसू द्या."

दार उघडलं. "बसा की! नको कुणी म्हटलं होतं?"

पाऊस थांबला. पश्चिमेला ढग फाटून सूर्याची कोर दिसली. गवतातून अंबर चालत आला, गालात बोर धरून. "बाबा, तुम्ही फार ओरडता," तो म्हणाला. राजानं त्याला उचललं ते तंबूपर्यंत खाली ठेवलं नाही.

मेखा उपटल्या, जोगिणीचं अंगण राजानं स्वतः उभं राहून सारवून घेतलं. धनुष्यांच्या दोऱ्या मात्र पुन्हा ताणल्या नाहीत. कुठलं पाडस कुणाचं, कोण सांगणार? तेव्हापासून बयजा कळपांचा माग काढते तो नुसता मोजदादीसाठी.

राजानं तिला बोलावलं आणि तो हसून म्हणाला, "बयजे, आता तू माग."

"विणकराचं ते अर्धवट कापड द्या, महाराज. पोरीच्या अंगावर कोरडं काही नाही."

टोक चघळलेलं ते कापड पांघरून चिंगी झोपली, आणि बयजाच्या जिवाला तीन दिवसांत पहिल्यांदा थारा मिळाला. तिच्या लेकीला साधं पडसंही झालं नाही.

बायांनो, गोष्ट इथे ठेवू नका. शेजारणीला सांगा, माहेरी जाल तेव्हा तिथे सांगा. आणि वाटेत एखादा राजा भेटला, तर त्यालाही तेवढं सांगा: माग, राजा, माग.