घारींची हाक आणि पाणमांजरांची शिट्टी

नदीला लागून असलेल्या एका डोंगराच्या उतारावर, अगदी मधोमध, खडकांच्या आड बीळ करून एक कोल्हीण राहत असे. तिला तीन पिल्ले होती. थोरले दांडगट होते, मधले रडके होते, आणि धाकटे इतके आळशी होते की दूध प्यायलाही त्याला नाकाने ढकलावे लागे. पिल्लांना अजून धड चालता येत नव्हते. त्यामुळे कुठे न्यायचे झाले तर कोल्हीण एकेकाला तोंडात धरून नेई. मुलांनो, एवढे नीट लक्षात ठेवा : पिल्ले तीन आणि आईला तोंड एकच.

त्या डोंगरावर वादळे फार येत आणि ती दोन तऱ्हांनी जीव घेत. नुसता वारा सुटला की माथ्यावरची मोठमोठी झाडे मोडून पडत. अशा वेळी खाली उतरून नदीकाठच्या घळीत बसावे लागे. नुसते पाणी आले की ती घळ काठोकाठ भरून जाई. अशा वेळी पळत माथा गाठावा लागे. आणि वारा व पाणी दोन्ही एकदम आले तर? तर वरही जायचे नाही आणि खालीही जायचे नाही. उतारावरच्या खडकांना चिकटून, आहे तिथेच बसून राहायचे.

पण कोणते वादळ कसे येणार हे बिळात बसून कसे कळावे? त्यासाठी डोंगराला दोन राखणदार होते. आभाळात घारी होत्या. दूर क्षितिजावर धुळीची भिंत उठली की ती त्यांनाच आधी दिसे. नदीत पाणमांजरे होती. वरच्या अंगाने गढूळ पाणी, फेस आणि पालापाचोळा वाहून येऊ लागला की पुढे काय येणार हे त्यांना बरोबर समजे. हे काम त्यांना कुणी नेमून दिलेले नव्हते. त्यांनी ते आपणहून अंगावर घेतले होते, आणि इमानाने करीत होती. हेही मान्य केलेच पाहिजे.

त्यांची एक रीत होती. आभाळाचा रंग बदलला की घारींची म्होरकी नदीच्या वळणावरच्या काळ्या खडकावर उतरे. म्हातारे पाणमांजर पाण्यातून वर येऊन तिच्या शेजारी बसे. घार म्हणे, "पश्चिमेकडून वारा येतोय, मोठा आहे." पाणमांजर तेच वाक्य तिला परत म्हणून दाखवी. मग ते म्हणे, "पाणी अजून स्वच्छ आहे, नदी चढत नाही." आणि घार तेच त्याला परत म्हणून दाखवी. काही चुकले असेल तर तिथेच दुरुस्त होई. मग दोघांचे ठरे, कुठे पाठवायचे ते, आणि मगच घारी उंच जाऊन सगळ्या डोंगराला हाक देत. सशांना या प्रकाराचे मोठे हसू येई. "काय ही पोपटपंची!" ते म्हणत. पण त्या पोपटपंचीमुळेच सशांची बिळे पोरांनी भरलेली होती, हे त्यांच्या कधी ध्यानात आले नाही.

पुढे एकदा मोठे वादळ आले आणि सगळे प्राणी वाचले. आनंदाच्या भरात त्यांनी माथ्यावर सभा भरवली आणि घारींचा सत्कार केला. हाक घारींनी दिली होती, ती सगळ्यांनी ऐकली होती. खडकावर काय बोलणे झाले ते कुणी ऐकले नव्हते. त्यामुळे पाणमांजरांना साधे बोलावणेही गेले नाही. म्हाताऱ्या पाणमांजराला ते फार लागले. दुसऱ्या दिवशी ते खडकावर आले तेच फुरंगटून.

"सभा झाली म्हणे," ते म्हणाले.

"झाली की," म्होरकी म्हणाली. तिच्या डोक्यात सत्काराची हवा अजून होती. "लोकांना कळतं बाबा, काम कुणाचं ते. पाण्यात बुड्या मारून आभाळातलं थोडंच दिसतं?"

"आणि आभाळात गिरक्या मारून पायाखालचं दिसतं वाटतं?"

"मग राहा आपल्या पायाखालचं बघत. आम्हाला खडकावर येऊन वेळ घालवायची हौस नाही."

"आम्हालाही नाही."

झाले! इतक्या वर्षांच्या दुधात मिठाचा खडा पडला. त्या दिवसापासून काळ्या खडकावर बगळ्यांखेरीज कुणी बसेना.

काम मात्र कुणी सोडले नाही. उलट दोघेही इरेला पेटले. घारी रोज सकाळी सराव करीत आणि प्राण्यांना शिकवीत, "आमची हाक ऐकली की खाली घळीत पळायचं." पाणमांजरे रोज संध्याकाळी सराव करीत आणि प्राण्यांना शिकवीत, "आमची शिट्टी ऐकली की वर माथ्यावर पळायचं." पाणमांजरांची शिट्टी आता इतकी धारदार झाली की ती माथ्यापर्यंत ऐकू जाई. प्राणी खूश झाले. पूर्वी एक राखण होती, आता दोन झाल्या, असा त्यांनी हिशेब केला. मूर्खांचे हिशेब असेच असतात.

एकट्या कोल्हिणीच्या मनात पाल चुकचुकली. तिचे बीळ उताराच्या मधोमध. खाली जायचे तरी तीन खेपा, आणि वर जायचे तरी तीन खेपा. ती घारीकडे गेली आणि म्हणाली, "घारमावशी, तुमची हाक आणि त्यांची शिट्टी एकदम आली तर मी काय करू?"

"आमची हाक ऐक," घार म्हणाली.

मग ती नदीवर गेली. "पाणमांजरआजोबा, तुमची शिट्टी आणि त्यांची हाक एकदम आली तर मी काय करू?"

"आमची शिट्टी ऐक," पाणमांजर म्हणाले.

"अहो, पण तुम्ही दोघं एकदा बसून—"

"आधी त्यांना यायला सांग," पाणमांजर म्हणाले, आणि त्याने बुडी मारली. घारीलाही तिने हेच सुचवून पाहिले होते, आणि तिनेही हेच उत्तर दिले होते. कोल्हीण बिळात परतली आणि पिल्लांना पोटाशी घेऊन पडून राहिली. दुसरे ती बिचारी काय करणार होती?

एके दिवशी दुपारीच आभाळ काळेठिक्कर झाले. घारींनी क्षितिजावर धुळीची भिंत पाहिली आणि लगेच हाक दिली, "वारा! वारा! खाली उतरा!" हाक खरी होती, वेळेवर होती. ससे, हरणे, मोर, सगळे घळीकडे धावले. कोल्हिणीने थोरल्या पिल्लाला तोंडात उचलले आणि धावत घळीत नेले. एका सशिणीच्या शेजारी त्याला ठेवून ती म्हणाली, "याच्याकडे लक्ष ठेव, बाई. मी दोघांना घेऊन आलेच."

ती बिळाशी आली. मधल्याला तिने तोंडात धरले आणि बाहेर पाऊल टाकले, तोच नदीकडून शिट्टी आली. "पाणी! पाणी! वर चढा!" डोंगरापलीकडे ढगफुटी झाली होती आणि नदीला लोंढा येत होता. पाणमांजरांनी तो पाहिला आणि क्षणाचाही विलंब न लावता शिट्टी दिली. ती शिट्टीही खरी होती, वेळेवर होती.

घारींनी शिट्टी ऐकली. नदीत काहीतरी दिसले असेल, जाऊन विचारावे, असे एका तरी घारीच्या मनात यायला हवे होते. पण म्होरकी ओरडली, "आपली हाक मोडायला बसलेत मेले! जोरात ओरडा!" तिकडे म्हातारे पाणमांजर म्हणाले, "यांना पुन्हा सत्कार हवाय. त्यांचा आवाज बुडवा!" आणि दोघे एकमेकांवर आवाज चढवू लागले. "खाली!" "वर!" "खाली!" "वर!" वाऱ्यापावसाच्या गदारोळात दोन्ही हाका एकमेकींत मिसळल्या आणि घळीतल्या प्राण्यांची दाणादाण उडाली. कुणी वर धावले, कुणी खालीच थांबले, कुणी निम्म्यातून परत फिरले.

कोल्हीण उताराच्या मधोमध उभी होती. एक पिल्लू खाली, एक तोंडात, एक बिळात. वारा टळून आता पाणी येते आहे, की दोन्ही एकदम येत आहेत, हे तिला कळेना. तोंडातल्याला आधी वर ठेवावे आणि मग खालच्याला आणावे, असे तिने ठरवले आणि ती माथ्याकडे सुटली. तिथे एका जुन्या ऐनाच्या झाडाच्या मुळांत तिने मधल्याला बसवले. ते रडू लागले. "गप्प राहा, राजा. दादाला घेऊन येते," ती म्हणाली आणि माघारी धावली.

ती पोहोचली तेव्हा घळ उरलीच नव्हती. तिच्या जागी तांबडे पाणी फिरत होते आणि त्यात झाडे वाहत होती. तिने हाका मारल्या. सशिणीला हाक दिली, पिल्लाला हाक दिली. कुणीही ओ दिली नाही. ती पाण्यात शिरली, पाण्याने तिला बाहेर फेकले. ती पुन्हा शिरली, पुन्हा बाहेर फेकली गेली. तेवढ्यात वरून मोठा कडकडाट झाला. तिने मान वर करून पाहिले, तर माथ्यावरची झाडांची रांग वाऱ्याने एका बाजूला लोळवलेली होती. ऐनाचे झाड दिसत नव्हते.

ती वर गेली. किती वेळ ती त्या खोडाखालची माती उकरत होती, हे मी तुम्हाला सांगणार नाही. मधले पिल्लू तिला सापडले. पण ते आता रडत नव्हते.

वादळ सरले. कोल्हीण पाय ओढत बिळाकडे निघाली. धाकट्याला ती विसरली नव्हती, पण त्याच्यापाशी जायचा तिला धीर होत नव्हता. त्याच्यासाठी तर ती काहीच करू शकली नव्हती. त्याला ना वर नेले होते, ना खाली. तिने बिळात डोके घातले. धाकटे कोरड्या मातीवर पाय ताणून झोपले होते. आईचा वास येताच ते जागे झाले आणि भुकेने कुरकुरू लागले. वारा त्याच्या डोक्यावरून गेला होता आणि पाणी पायथ्याशी थांबले होते. जे पिल्लू कुणाच्याही हाकेवर गेले नाही, तेच वाचले. कोल्हिणीने त्याला पोटाशी ओढले आणि ती मोठ्याने रडली.

दुसऱ्या दिवशी घारींची म्होरकी बिळापाशी आली. तिचे तोंड उतरलेले होते. "कोल्हीणबाई, वाईट झालं," ती म्हणाली. "पण आम्ही हाक वेळेवर दिली होती. वारा खरंच आला की नाही?"

तेवढ्यात म्हातारे पाणमांजरही उतार चढून आले. घारीकडे न बघता ते म्हणाले, "पोरी, आमची शिट्टीही खोटी नव्हती. पाणी आलंच ना?"

कोल्हिणीने आधी घारीकडे पाहिले, मग पाणमांजराकडे. मग म्हणाली, "मावशी, तुमचं खरं. आजोबा, तुमचंही खरं. मावशी, थोरला तुमच्या खऱ्यानं गेला; आजोबा, मधला तुमच्या खऱ्यानं गेला. काहीच येत नाही, असं दोघंही खोटं बोलला असतात तर मी बिळातून हललेच नसते, आणि आज तिघंही दूध पीत असती."

दोघांच्याही माना खाली गेल्या. शेवटी म्होरकी खालच्या आवाजात म्हणाली, "आमच्या मनात तसं नव्हतं, बाई. तुझ्या पोरांसाठीच ओरडत होतो आम्ही. यापुढे पाण्याचं विचारल्याशिवाय आम्ही हाक देणार नाही. तुला शब्द देते."

"वाऱ्याचं विचारल्याशिवाय आम्हीही शिट्टी देणार नाही," पाणमांजर म्हणाले. "तुला सांगतो, पोरी, शपथेवर सांगतो."

कोल्हिणीने धाकट्याला तोंडात उचलले होते. तिने त्याला क्षणभर खाली ठेवले.

"हे मला का सांगता?" ती म्हणाली. "एकमेकांना सांगा."

तिने पिल्लाला पुन्हा उचलले आणि तो डोंगर सोडून ती निघून गेली.

तात्पर्य : राखण करणारे दोघे असले आणि दोघेही खरे बोलणारे असले, तरी तेवढ्याने कुणी वाचत नाही. संकटात जगाला हाक मारण्याआधी राखणदारांनी एकमेकांना हाक मारावी. नाहीतर त्यांची अर्धी अर्धी सत्येच दुबळ्यांचा जीव घेतात.