भिंत आणि गादी

वाटा होत्या पण वाटेवर मैलाचे दगड नव्हते, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. एका राज्यात खेळकऱ्यांचा एक तांडा गावोगाव हिंडून पोट भरायचा. कुणी दोरीवर चालायचं, कुणी बांबूवर चढायचं. पण तांड्याची शान होती ती एकचाकी. एकच लाकडी चाक, दोन बाजूंना पाय मारायला दोन खुंट्या, वर दांडा आणि दांड्यावर चामड्याची टीचभर गादी.

उन्हाळा तोंडावर आला की तांडा एका तळ्याकाठच्या गावी यायचा. तिथली रीत ठरलेली होती. देवीच्या उत्सवाला तांड्यातल्या एका बाईनं डोक्यावर पाण्याचा कलश घ्यायचा आणि वेशीपासून मैदान ओलांडून देवीच्या पायरीपर्यंत एकचाकीवरून जायचं. त्या पाण्यानं देवीचे पाय भिजले, तर तांड्यानं उन्हाळाभर तळ्याकाठी राहावं. नाही भिजले, तर त्याच दिवशी पालं उचलावीत.

इतकी वर्षं कलश नेला तो हौसाच्या आईनं. यंदा तिचा गुडघा मोडलेला, म्हणून कलश हौसाकडं आला. आणि नेमके यंदाच हौसाच्या वहिनीचे दिवस भरत आलेले. तिला त्या रणरणत्या उन्हात पायी न्यायचं, म्हणजे दोन जिवांशी खेळ. हे हौसाला कुणी सांगावं लागलं नाही.

आई म्हणाली, "एका हातानं गादीचं पुढचं टोक धर. दुसरा हात मोकळा सोड. नजर लांब ठेव."

हौसाचं तोंड उतरलं. तांड्यात गादी धरणाऱ्याला हसत. दोन्ही हात पसरून जाईल तो खेळकरी, असं सगळे मानायचे. हौसाची चुलतबहीण तुळसा तर लगेच बोलली, "गादी धरायची तर एकचाकी कशाला? पाळण्यातच बस की."

झालं. ते शब्द हौसाच्या काळजात काट्यासारखे रुतले. गादी तिनं धरली नाही. गावाला दगडी तट होता, त्याच्या कडेकडेनं ती शिकू लागली. उजव्या हाताची बोटं तटाला टेकवायची आणि पाय मारायचे. चार दिवसांत ती तटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्यावरच्या बदकासारखी जाऊ लागली. बघणारे माना डोलवू लागले.

आई काठी टेकत आली. थोडा वेळ बघत राहिली.

"छान जातेस," ती म्हणाली. "उद्या हा तट मैदानात येणार आहे का तुझ्याबरोबर?"

"मी नुसती बोटं टेकवते, आई."

"मग चल मैदानात."

मैदानात हौसा पडली. उठली, पुन्हा पडली. दर वेळी उजवीकडंच. जिथं तट नव्हता तिथंही तिचं अंग तटाकडं कलत होतं. ढोपरं फुटली, तेव्हा ती खाली बसून रडायला लागली.

"पुसायला माझा पदर मागू नकोस," आई म्हणाली. "माझा गुडघा कशानं मोडला, ठाऊक आहे तुला?"

"खड्ड्यानं."

"टाळीनं. पलीकडच्या बाजारात खड्डा दिसला होता मला. गादी धरली असती तर पार झाले असते. पण लोक टाळ्या वाजवत होते, म्हणून मी हात पसरूनच राहिले. टाळ्या वाजवणारे घरी गेले, गुडघा माझ्याकडं राहिला."

हौसानं डोळे पुसले. मग उठली आणि गादी धरली. आधी तिनं दोन्ही हातांनी गच्च आवळली, तर चाक जागच्या जागी फिरलं आणि ती तोंडावर आपटली. आई म्हणाली, "गादी धरायची आहे, तिचा गळा नाही." मग तिनं एकच हात ठेवला. बसलेलं अंग आणि खालचं चाक हळूहळू एकमेकांना ओळखू लागलं. उत्सवापर्यंत ती मैदान पार करू लागली.

उत्सवाच्या दिवशी अख्खं गाव जमलं. वेशीला टेकून हौसा चढली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर काठोकाठ भरलेला कलश. समोर माणसंच माणसं. तुळसा पुढच्याच रांगेत. हौसाचा हात गादीवर जाता जाता थांबला. तिनं दोन्ही हात पसरले.

काय त्या टाळ्या. हौसाला अंगावर पिसं फुटल्यासारखं वाटलं.

अर्ध्या मैदानात गाडीच्या चाकोरीत चाक अडखळलं. अंग उजवीकडं गेलं, जुन्या सवयीनं, तटाकडं. तिथं तट नव्हता. कलशातलं पाणी भसकन तिच्या पाठीवर सांडलं. गार पाण्यानं तिला एकदम वहिनीचा घामेजलेला चेहरा आठवला.

तिनं गादी धरली.

"धरली, धरली," कुणीतरी हसलं. बरेच जण हसले. हौसानं नजर देवीच्या पायरीवर ठेवली आणि पाय मारत राहिली. चाक चाकोरीतून वर आलं. पुढं वाट होती तेवढी ती गेली, एक हात गादीला लावून, हसणाऱ्यांच्या मधून.

म्हाताऱ्या पुजारणीनं कलशात डोकावून पाहिलं. तळाशी ओंजळभर पाणी होतं. तिनं ते देवीच्या पायांवर ओतलं. दोन्ही पाय भिजले.

"हिनं गादी धरली होती, आजी," तुळसा मागून म्हणाली.

पुजारीण वळली. "देवीनं पाणी मागितलं होतं, पोरी. हात पसरायला कधी सांगितलं तिनं?"

त्या संध्याकाळी तळ्याकाठी पालं पडली. तिथंच, चिंचेच्या गार सावलीत, हौसाच्या वहिनीला मुलगी झाली. पुढं तुळसाही एकचाकी शिकायला आली, तेव्हा हौसानं तिला तटापासून लांब नेलं आणि तिचा हात धरून गादीवर ठेवला.

तात्पर्य : आधार घ्यायची लाज धरू नये; पण आधार असा धरावा, जो आपल्याबरोबर पुढं चालेल.