दादाच्या अंगाचा रंग

"दादाच का गेला?" असं केरबा भेटेल त्याला विचारत होता. यंत्रं माणसांशी बोलत, त्या काळची ही गोष्ट.

दहाव्यासाठी केरबाने थोरल्या भावाचा फोटो बॅनरवर छापायला दिला. दुकानातल्या जुन्या प्रिंटरने सावळा दादा लालभडक छापला.

"आई ओळखेल का याला?" म्हणत केरबाने मूठ उगारली.

"मार की! रंग सुधारणार असेल तर दोन जास्त मार," प्रिंटर म्हणाला. "मी म्हातारा, शाई मनासारखी वाहत नाही. खरा रंग समोर लागतो मला."

"कुठून आणू? त्याची राख झाली."

"सख्खा भाऊ ना तू? दोघांचा रंग एकच ना? मग हात धर माझ्यासमोर, उन्हात. आणि हलू नकोस."

कधी जागेवर न टिकणारा केरबा दारातल्या उन्हात हात धरून बसला. प्रिंटर बोटभर पट्टी छापायचा, केरबा ती मनगटाला लावून बघायचा.

"लाल कमी कर, म्हाताऱ्या! आता पिवळट झालं!"

नववी पट्टी मनगटावर ठेवली, तर ती वेगळी दिसेचना.

चौकात बॅनर चढला. आई खाली उभी होती. "माझा आनंदा," एवढंच ती म्हणाली. शिडीवरच्या केरबाने दादाच्या कपाळावर आलेली चुणी तळहाताने सपाट केली आणि चौथी दोरी घट्ट बांधली.