भुंग्या चोर दाखवतो

"त्या कुत्र्याचा कडेलोट करा!" भुजंगराव महाराज गरजले आणि ठकू बुरडीण धावत कुत्र्यापुढं आडवी आली.

गुन्हा काय? महाराजांचा सोन्याचा अडकित्ता नाहीसा झाला होता. तीन दिवस सुपारी कातरली गेली नव्हती, त्यामुळे सगळा राज्यकारभार ठप्प! कोतवालांनी कसून तपास केला आणि शेवटी पकडून आणलं कुणाला, तर ठकूच्या भुंग्याला. चोरीच्या दिवशी ठकू वाड्यावर सुपं-टोपल्या द्यायला आली होती आणि भुंग्या तिच्या मागोमाग देवडीपर्यंत आला होता. एवढा पुरावा कोतवालांना पुरे झाला.

"अहो, पण कुत्रं अडकित्ता नेऊन करील काय?" ठकू कळवळून म्हणाली. "सुपारी खातंय होय ते?"

"ते त्यालाच विचारू!" महाराजांनी मिशीला पीळ दिला. एकदा शब्द तोंडातून गेला की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी ते मागे घेत नसत. "निर्दोष असेल तर उद्या दुपारी भर दरबारात त्यानं खरा चोर दाखवावा. नाहीतर कडेलोट!"

दरबार खो खो हसला. सगळ्यांत मोठ्यानं हसले कोतवाल.

ठकूला ना नवरा, ना पोर. घरात हाक मारायला काय तो एक भुंग्याच. तिचे डोळे भरून आले, पण रडत बसली असती तर ती ठकू कसली! पदर खोचून ती म्हणाली, "दाखवील, महाराज! वाड्यातला चमचा जरी कुणी नेला असेल, त्याला दहा वर्षं झाली असतील, तरी त्या हाताचा वास भुंग्याला येतो. आणि वास आला की तो तिथंच लचका तोडतो!"

हसू एकदम थांबलं. पुष्कळांचे हात उपरण्याखाली गेले.

"आता एखाद्या बिचाऱ्याकडून चुकून काही गेलं असेल," ठकू पुढं म्हणाली, "तर त्याच्यासाठी मी उद्या देवडीत कणगी ठेवते. मधे पडदा लावा. एकेकानं आत जावं, वस्तू टाकावी. वस्तू गेली की वासही गेला! कोण काय टाकतं ते कुणी बघायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवडीत छातीएवढी उंच, धान्य साठवायची कणगी उभी राहिली. आणि दाराशीच प्रधान नि कोतवालांची जुंपली!

"पहिला मान प्रधानाचा!"

"तपास माझा, तर मानही माझा!" म्हणत कोतवाल कोपरानं ढोसून आधी शिरले. त्यांच्यामागून प्रधान, मग सेनापती, खजिनदार, राजवैद्य. आपली पायरी कुणी सोडीना! शेवटच्या मानकऱ्याला तर वर चढून कणगीतल्या वस्तू पायानं चेपाव्या लागल्या.

दुपारी दरबार भरला. भुंग्या मधोमध घोरत पडला होता.

"हं, दाखव चोर!" महाराज म्हणाले.

"आधी कणगी रिकामी करा, महाराज. वरून एकेक वस्तू काढा."

शिपायांनी काढायला सुरुवात केली. झुंबराचे लोलक निघाले, केशराच्या डब्या निघाल्या, महाराजांच्या घोड्याची रिकीब निघाली. मग राणीसाहेबांची नथ, आणि अगदी तळाला सोन्याचा अडकित्ता!

"सापडला!" महाराज ओरडले. "पण टाकला कुणी? आत तर सगळेच गेले होते."

"महाराज, आधी टाकलेलं तळाला जातं. आज पहिला मान कुणी घेतला ते प्रधानजींना विचारा की!"

"कोतवालांनी!" प्रधानजी आनंदानं किंचाळले. "मी नको नको म्हणत असताना!"

"आणि त्याच्यावर नथ होती, प्रधानजी," ठकू हळूच म्हणाली.

प्रधानजी हळूच खांबामागं सरकले. सेनापती रिकिबीकडे बघून घाम पुसू लागले. कोतवालांनी तर महाराजांच्या पायांवर लोटांगण घातलं.

महाराजांना हसू फुटलं. "बाई, खरंच एवढं तिखट नाक आहे त्याचं?"

"कसलं नाक, महाराज! पुढ्यातली भाकरी कळत नाही त्याला, मला तोंडाशी धरावी लागते."

"शाब्बास! कोतवालांची जागा रिकामी झालीच आहे. आजपासून भुंग्या आमचा कोतवाल!"

"नको, महाराज!" ठकूनं हात जोडले. "जन्मभर इमानानं राहिलाय. आता म्हातारपणी त्याला वाईट संगत कशाला?"

महाराज इतके हसले की पगडी मांडीवर आली. त्यांनी भुंग्याला जन्मभराची तूप-भाकरी लावून दिली आणि ओढ्याकाठचं अख्खं वेळूचं बेट ठकूच्या नावावर करून दिलं.