युवराजाचा पैलाडकर कसा झाला

फार पूर्वी तांबडी नावाच्या नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. पूर्वेकडचं राज्य सपाट जमिनीवर होतं, तिथे ज्वारी पिकायची. पश्चिमेकडचं राज्य डोंगरावर होतं, तिथे नाचणी पिकायची. मध्ये एके ठिकाणी नदी उथळ होती. बैलगाड्या तिथूनच पार व्हायच्या. त्या उतारावर हक्क कोणाचा, यावरून दोन्ही राज्यांत पिढ्यान् पिढ्या लढाया चालू होत्या.

दोन्ही काठांची माणसं स्वतःला 'अलीकडची' म्हणायची आणि समोरच्यांना 'पैलाडची'. पैलाड म्हणजे पलीकडे. पैलाडच्या माणसाच्या हातचं पाणीसुद्धा कोणी प्यायचं नाही.

एका वर्षी पूर्वेचा राजा लढाईत हरला. पश्चिमेच्या राजाने तहाची एकच अट घातली. "तुमचा युवराज बारा वर्षं आमच्याकडे राहील. त्या काळात तुम्ही तलवार उपसलीत, तर तो तुम्हाला पुन्हा दिसणार नाही."

युवराज तेव्हा नऊ वर्षांचा होता. दोनच महिन्यांपूर्वी भर दरबारात त्याच्या डोक्यावर जरीचा मंदील चढवला होता आणि भालदारांनी 'युवराज' म्हणून ललकारी दिली होती. मंदील मोठा झाला होता, सारखा कपाळावर घसरायचा. निरोपाच्या दिवशी आईसाहेबांनी तो काढून घेतला आणि म्हणाल्या, "हा मी जपून ठेवते. परत येशील तेव्हा बरोबर बसेल."

"बारा वर्षं म्हणजे किती, आईसाहेब?"

आईसाहेबांनी त्याचे केस सारखे केले. त्या म्हणाल्या, "मी रोज सकाळी घाटावर येऊन उभी राहीन. हळदी रंगाचं लुगडं नेसेन, म्हणजे लांबून दिसेल."

पश्चिमेच्या राजाने मुलाचा छळ केला नाही, पण लाडही केले नाहीत. वाड्यामागच्या बागेत माळ्याच्या हाताखाली त्याला कामाला लावलं. पहिल्याच दिवशी शिपायांच्या पोरांनी त्याला घेरलं.

"तू कोण रे?"

"मी युवराज आहे."

पोरं पोट धरून हसली. "युवराज? कुठला? पैलाडचा? ए पैलाडकर, उचल ती घागर!"

तेव्हापासून त्याचं नाव पैलाडकर पडलं. राजापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला त्याच नावाने हाक मारू लागले.

रोज सकाळी तो बागेच्या टोकाला जाऊन उभा राही. नदीपलीकडे, घाटाच्या पायऱ्यांवर, हळदीच्या बोटाएवढा एक पिवळा ठिपका दिसे. तो हात हलवी. तिकडूनही हात हलत असेल का, ते इतक्या लांबून कळायचं नाही. वारा पूर्वेकडून असला की गावच्या देवळातला चौघडा ऐकू येई. त्या दिवशी तो जेवण तसंच ठेवी.

माळ्याची बायको हे सगळं पाही. ती फार बोलणारी नव्हती. पैलाडच्या पोराला घरात घेऊ नको, असं शेजारणींनी तिला बजावलं होतं. ती त्याला ओसरीवर नाचणीची भाकरी आणि ताक द्यायची आणि तो जेवेपर्यंत तिथेच बसायची.

सात वर्षं गेली. आठव्या वर्षी, माघ महिन्यात, एका सकाळी पिवळा ठिपका दिसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो रोज जात राहिला. दहाव्या दिवशी घाटावर काही माणसं आली. ती पाण्याशी बसली, बराच वेळ कसलेतरी विधी करत राहिली आणि आकाशात कावळे फिरू लागले.

त्याला सगळं समजलं. तो बागेतच जमिनीवर बसला. माळीण हातातलं खुरपं टाकून आली. तिने त्याचं डोकं छातीशी धरलं.

"माय मरो पण मावशी जगो, म्हणतात," ती म्हणाली. "मी काही तुझी कुणी न्हाई. पण मला मावशी म्हण."

त्या दिवसापासून तो तिच्या घरात, चुलीपाशी जेवू लागला. शेजारणींनी नावं ठेवली. मावशी म्हणाली, "ठेवा. नावानं काय पोट भरतंय?" बागेतलं आळं कसं करावं, कलम कसं बांधावं, राजाच्या गडाची मागची वाट कुठून जाते, गडाला पाणी देणारा डोंगरातला लपलेला चोरझरा कुठे आहे, सगळं तो शिकला. तिथल्यासारखं 'व्हय' आणि 'न्हाई' म्हणू लागला. ज्या पोरांनी त्याला घेरलं होतं, त्यांच्याबरोबर तो आता सूरपारंब्या खेळे आणि करवंदं खायला रानात जाई.

बारा वर्षं संपली. निघताना मावशी दारात आली नाही. आतूनच म्हणाली, "जा बाबा. मागं वळू नगंस." तो मागे वळला, पण दार लोटलेलं होतं.

पूर्वेच्या काठावर उतरल्यावर त्याने आधी घाटाच्या पायऱ्यांना हात लावला, मग दरबारात गेला. बारा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आता येणार होता. पण सिंहासनाशेजारच्या आसनावर एक चौदा वर्षांचा मुलगा बसला होता. त्याच्या डोक्यावर तोच जरीचा मंदील होता.

"हा तुझा धाकटा भाऊ," राजा म्हणाला. राजाची नजर खाली होती. "तू गेलास तेव्हा दोन वर्षांचा होता. तुझी आई गेल्यावर दरबारी मंडळी म्हणू लागली की थोरला आता तिकडचाच झाला, गादीला वारस हवा. मी याला युवराज केलं."

"तुम्ही केलंत ते विचार करूनच केलं असेल, आबासाहेब."

"राग आला का?"

"न्हाई," तो म्हणाला.

त्या एका शब्दावर अख्खा दरबार हसला. कुणीतरी मागून म्हणालं, "हा तर पैलाडकर होऊन आलाय!" आणि इकडेही त्याला तेच नाव चिकटलं.

मग एक विचित्र गोष्ट घडू लागली. दुपारी सगळे झोपले की तो गच्चीवर जाई आणि पश्चिमेकडे पाही. डोंगराच्या उतारावर बागेचा हिरवा तुकडा दिसे. आता तिथे आंब्याला मोहोर आला असेल, मावशीने ओसरी सारवली असेल, असं त्याच्या मनात येई. बारा वर्षं त्याने त्या काठावरून हा काठ पाहिला होता. आता तो या काठावरून तो काठ पाहत होता. नदीवरचा पहारा मात्र दोन्हीकडून तसाच होता. जाता येत नव्हतं, साधा निरोपही धाडता येत नव्हता.

वर्षभरात पश्चिमेचा राजा वारला. गादीवर त्याची सोळा वर्षांची मुलगी बसली. पूर्वेचा सेनापती राजाकडे धावत आला. "महाराज, अशी संधी पुन्हा नाही! आणि आपल्याकडे वाटाड्याही घरचाच आहे."

राजाने थोरल्या मुलाला बोलावलं. मंदील समोर तबकात ठेवला होता.

"गडाची मागची वाट तुला ठाऊक आहे. पाणी कुठून येतं, तेही ठाऊक आहे. फौजेच्या पुढे चाल. परत आलास की हा तुझा. तू युवराज. बारा वर्षं माझ्या पराभवाची किंमत तू मोजलीस, ती मला फेडू दे."

त्याने मंदिलाकडे पाहिलं. त्याच्या आईने तो स्वतःच्या हातांनी जपून ठेवला होता. तो बरोबर बसेल, असं ती म्हणाली होती. त्याला तो हवा होता. खोटं कशाला सांगायचं, फार हवा होता.

"मला एक दिवस द्या, आबासाहेब," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घाटावर जाऊन बसला. आईसाहेबांची म्हातारी दासी तिथे धुणं धूत होती. त्याने विचारलं, "आईसाहेब रोज इथे यायच्या, तेव्हा तुम्ही बरोबर असायचात ना? त्या काय करायच्या? मला हात हलवायच्या का?"

"हलवायच्या की. मग हात जोडायच्या."

"देवाला?"

दासीने नाही म्हणून मान हलवली. "मीही तेच विचारलं होतं. तर म्हणाल्या, 'देवाला घरी जोडते. इथून त्या बाईला जोडते. पलीकडे माझ्या लेकराला कोणीतरी बाईच जेवायला वाढत असेल. ती कोण, मला माहीत नाही. पण ती आहे म्हणून मला इथे घास गिळवतो.'"

त्याने घाटाच्या पायरीला हात लावला. मग उठून दरबारात गेला.

"मी वाट दाखवणार नाही," तो म्हणाला.

"का?" राजाचा आवाज चढला.

"तिथे माझी मावशी राहते."

दरबारात कुजबूज झाली. सेनापती ओरडला, "हा फितूर आहे!" राजा लालबुंद झाला. "मंदील जाईल, वाडाही जाईल. विचार कर!"

"केला, आबासाहेब. ज्या घरात मी चुलीपाशी बसून जेवलो, त्या घरावर मला मशाल घेऊन जाता येणार नाही. मग तुम्ही मला काहीही म्हणा."

त्याच दिवशी त्याला वाड्यातून घालवून दिलं. तो घाटावर नावाड्यांच्या वस्तीत राहू लागला आणि होड्या डांबरायला शिकला. वाटाड्या नाही म्हणून मोहीम पावसाळ्यानंतर करायची ठरली.

श्रावणात सलग नऊ दिवस पाऊस कोसळला. दहाव्या दिवशी दुपारी तांबडी नदीने काठ सोडला. गावामागचा ओढाही फुगला आणि पूर्वेची राजधानी चहूबाजूंनी पाण्यात सापडली. सपाट मुलूख, चढून बसायला टेकडी नाही. उंच जागा एकच होती, पश्चिमेचा डोंगर.

नावाड्यांनी होड्या काढल्या. बायका, मुलं, म्हातारे, राजा, धाकटा युवराज, सगळे मिळेल त्या होडीत बसले. पुराच्या धारेत होड्या तिरक्या घालत नावाडी पलीकडे निघाले.

पश्चिमेच्या काठावरच्या पहारेकऱ्यांनी पाहिलं, तर धुक्यातून शंभरेक होड्या चालून येत होत्या. इशारतीचं शिंग वाजलं. तिरंदाज रांगेने उभे राहिले. बाण चढले.

पुढच्या होडीत थोरला राजपुत्र उभा राहिला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "बाण सोडू नका! बायका-पोरं हाईत! मी पैलाडकर! ऐकताय न्हवं? मी पैलाडकर!"

तिरंदाजांचा नाईक डोळे बारीक करून पाहू लागला. लहानपणी राजपुत्राला घागर उचलायला लावणारा पोरगा तो हाच.

"धनुष्यं खाली!" नाईक ओरडला. "अरे, आपला पैलाडकर हाय त्यो! दोर टाका, दोर!"

होड्या एकेक करून काठाला ओढल्या. तरुण राणीने धान्याची कोठारं उघडली आणि घरोघरी माणसं वाटून दिली. गर्दीतून वाट काढत मावशी आली. तिने राजपुत्राचा दंड चाचपला आणि भर पावसात त्याला रागावली, "किती वाळलास रं! तिकडं जेवायला घालत न्हाईत की काय?"

पूर्वेचा राजा ओला, थंडीने कुडकुडत शेजारीच उभा होता. मान खाली घालून म्हणाला, "नाही घातलं, बाई. चूक झाली."

ती त्याला ओळखत नव्हती. "मग तूबी चल," ती म्हणाली. "चूल पेटलेली हाय."

वीस दिवस पूर्वेचा राजा माळ्याच्या घरी राहिला. पैलाडच्या पाण्याला हात न लावणारा माणूस नाचणीची भाकरी ताकात कुस्करून खायला शिकला.

पूर ओसरला. माणसं परतली, घरं पुन्हा उभी राहिली. दरबार भरला तेव्हा धाकट्याने आपणहून मंदील उतरवला आणि भावापुढे धरला. "दादासाहेब, हा तुमचा. तुम्हीच युवराज."

थोरल्याने तो घेतला. डोक्यावर ठेवला. बरोबर बसला. मग म्हणाला, "मंदील घेतो, तो आईने जपून ठेवला होता. पण युवराज म्हणू नका. युवराज म्हटलं तर बाण थांबले नसते. ज्या नावाने थांबले, त्याच नावाने मला हाक मारा."

भालदारांना पहिल्यांदा अडखळायला झालं. पण त्यांनी ललकारी दिली आणि चेष्टेचं नाव पदवी झालं. पुढे तो राजा झाला तेव्हा त्याने आणि पश्चिमेच्या राणीने मिळून नियम केला, की दोन्ही गाद्यांच्या वारसाने तीन वर्षं समोरच्या काठावर, साध्या माणसाच्या घरी, कामाला हात लावून राहायचं. तसा राहून आलेला वारसच पैलाडकर म्हणवला जाई.

नदीच्या उतारावरून पुन्हा लढाई झाली नाही. त्या राजाला मात्र जन्मभर एक हुरहूर लागून राहिली. इकडे असला की तिकडची आठवण येई, तिकडे गेला की इकडची. वैद्याने औषध दिलं तर हसून म्हणायचा, "हे दुखणं बरं करू नका हो. ह्याच्यावरच राज्य चाललंय."

पुढच्या कैक पिढ्या त्या दोन राज्यांत वारसाला पदवी देताना त्याचं कुळ विचारत नसत, त्याने किती किल्ले जिंकले तेही विचारत नसत. सगळ्यात वयस्कर माणूस उठून एकच प्रश्न विचारी, "पलीकडे तुझी वाट पाहणारं कोण आहे?" आणि वारस सगळ्यांसमोर ते नाव घेई. नाव घेताना ज्याची नजर आपोआप नदीकडे वळत नसे, त्याला आणखी एक वर्ष पलीकडे पाठवत.

तात्पर्य: ज्याचा जीव पलीकडच्या काठावरही गुंतलेला असतो, त्याच्याच हाती अलीकडचा काठ सुखरूप राहतो.